हिप्परग्याची तांडेलीण

हिप्परग्याच्या तलावावर एके काळी शिडाचा मचवा चालायचा आणि तो एक बाई चालवायची, असं मी सांगितलं की घरातली तरुण मंडळी एकमेकांकडे बघतात. म्हातारीचं काहीतरी सरकलंय, असा त्या बघण्याचा अर्थ असतो. त्यांचाही दोष नाही. जिथं उन्हाळ्यात एका घागरीवरून बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या, त्या सोलापूरकडे शीड, डोलकाठी, सुकाणू हे शब्द कुणाच्या तोंडी येणार? पण मी त्या मचव्यात बसून रोज शाळेत गेले आहे. कुणाला पटो न पटो, भागाक्काबद्दल मी सांगणारच. तिनं कधी कुणाच्या पटण्याची वाट बघितली नव्हती.

मी तेव्हा तलावापलीकडच्या वस्तीवर प्राथमिक शाळेत मास्तरीण होते. राहायला मात्र अलीकडच्या काठावर, कारण एकट्या बाईला खोली द्यायला पलीकडे कुणी तयार नव्हतं. अलीकडे एक घर तयार झालं, तेही माझी आई सोबत राहील या अटीवर. शाळेला जायचं तर तलावाला वळसा घालून, बांधावरून, काट्याकुट्यांतून चालत जायचं. पोचेपर्यंत निम्मा जीव जायचा आणि उरलेला पोरं घ्यायची. भागाक्काचं खोपट त्याच वाटेवर, अगदी पाण्याला लागून होतं. तिचा नवरा सखाराम शहरातल्या एका गिरणीत सुतारकाम करायचा आणि रोज सायकलवरून जाऊन यायचा.

तिचं खरं नाव भागीरथी. कोकणातल्या एका लहानशा बंदरातल्या तांडेलाची ती मुलगी. तांडेल म्हणजे गलबत ज्याच्या हुकमानं चालतं तो. बाई हाडापेरानं दणकट, कासोटा घट्ट मारलेला, आणि बोलणं असं की शब्द सोलापूरचे आणि हेल कोकणचा. आमच्याकडे कुठल्याही थोरल्या बाईला अक्का म्हणतात, त्यामुळे भागीची भागाक्का झाली.

सकाळी उठली की ती आधी बाहेर येऊन शहराच्या दिशेला बघायची. तिकडे लांबवर गिरण्यांची धुराडी दिसत. धूर सरळ वर चालला असला की परत चुलीपाशी जाऊन निवांत भाकऱ्या थापायची. धूर वाकलेला दिसला की तवा तसाच ठेवून निघायची. गिरणीचा तेवढाच एक उपयोग आहे, असं ती नवऱ्याच्या तोंडावर म्हणायची. मचव्यात बसल्यावर कुणी "अक्का, कवा पोचायचं?" असं विचारलं, की तिचं उत्तर ठरलेलं होतं: "पोचल्यावर." यापुढे एक अक्षर नाही. मी घंटेच्या ठोक्याला बांधलेली बाई. पहिले काही दिवस मला त्या उत्तराचा फार राग यायचा.

शिवणात तिला एकच टाका येत होता, शिडाचा. जाड दाभण, मेण लावलेला दोरा आणि दुहेरी टीप. सखारामचा सदरा, घरातल्या गोधड्या, माझी छत्री, सगळं तिनं त्याच टाक्यानं शिवलं. सखाराम म्हणायचा, "सदरा फाटंल, पर शिवण न्हाय फाटायची. एक दिवस नुसती शिवणच अंगात घालून गिरणीत जायची पाळी येणार हाय माज्यावर."

मचव्याचं सगळं सुरू झालं ते तिच्या बंदरातल्या एका रीतीपासून. तिथं शिडं शिवायची ती बायकांनी. हंगामाआधी ओसरीवर कापड पसरायचं, पट्ट्या जोडायच्या, कडेनं दोर घालायचा, सगळं बायकांचं काम. पण तेच शीड डोलकाठीवर चढलं की बाईनं त्या गलबतात पाय ठेवायचा नाही. ठेवला तर वारा रुसतो, डोलकाठी मोडते, माणसं जातात. भागाक्का लहानपणापासून शिडं शिवत आली होती. कुठलं शीड कसल्या वाऱ्यात कसं फुगतं हे तिनं बापाच्या तोंडून ऐकलं होतं, काठावरून बघितलं होतं, आणि एकदाही अनुभवलं नव्हतं. "सैपाक मी करायचा आन् चव दुसऱ्यानं सांगायची," असं म्हणताना इतक्या वर्षांनीही तिचा आवाज चढायचा. त्यात लग्न झालं ते सखारामशी. त्याला पाण्यावर गेलं की ओकारी व्हायची आणि त्यापायीच तो किनारा सोडून गिरणीत आला होता. माहेराशी तिचा धागा एकच राहिला होता. तिचा थोरला भाऊ जनू तांडेल दर वर्षी आपल्या गलबताचं कापड रेल्वेनं सोलापूरला पाठवायचा, भागाक्का शीड शिवायची आणि परत पाठवायची.

तलाव तिनं पहिल्यांदा पाहिला तेव्हा काठावर बिरू नावाचा धनगर शेळ्यांना पाणी पाजत उभा होता. तिनं त्याला विचारलं, "हितं बायांनी मचव्यात बसायचं न्हाय, असं काय हाय का?"

बिरू म्हणाला, "हितं मचवाच न्हाय, तर बसायचं कशात?"

"पर बसलं तर?"

"बुडलासा तर बोंब मारा. शेळ्या सोडून येतो की."

हे ती मला सांगायची तेव्हा हसून हसून तिला ठसका लागायचा. जिथं रीतच नाही तिथं ती मोडल्याचं पाप तरी कसं लागणार, हे तिला त्या काठावर उमगलं. त्याच महिन्यात दोघं शहरातली चाळ सोडून तलावाकाठी राहायला आली आणि सखारामच्या मागे मचव्याचा लकडा लागला.

मचवा त्यानंच बांधला. बाभळीच्या वाकड्या फांद्यांच्या बरगड्या केल्या, मोडीत निघालेल्या सागाच्या फळ्या मिळवल्या, फटींत कापूस ठासला. कापसाला सोलापुरात काय तोटा? कोकणातल्यासारखी डोलकाठी किंचित पुढे झुकती ठेवली. तिच्यावर एक लांब लाकूड तिरपं टांगलं, त्याला ती दोघं परबाण म्हणत, आणि शीड त्या परबाणाला बांधायचं. आमच्या लोकांना ती झुकती डोलकाठी काही केल्या सहन होईना. जो येई तो थांबून सांगे, "मिस्त्री, खांब कललाय तुमचा." सखाराम आधी समजावून सांगायचा. शेवटी वैतागून "व्हय, उद्या सरळ करतो" म्हणायला लागला.

शिडाचं कापड विणलं नरसय्यानं. हा शहरातला हातमागवाला, घरात तेलुगू बोलणारा, आणि कामाचा मोठा अभिमानी. त्यानं कापड आणून दिलं ते असं कडक आणि चकचकीत की उभं केलं तर उभं राहावं. भागाक्कानं घाईघाईनं शिवलं, चढवलं, आणि मचवा जागच्या जागी गोल फिरायला लागला. कापड फुगेचना. नुसतं पापडासारखं कडकड वाजत राहिलं. पाण्याचे शिंतोडे उडाले तसं ते चिकट झालं, हाताला लगदा यायला लागला. कंटाळून तिनं शीड काठावर वाळत घातलं आणि ती भाकरी खायला घरात गेली. बाहेर आली तेव्हा बिरूच्या शेळ्या शिडावर तुटून पडल्या होत्या. एक कोपरा गायब होता आणि उरलेलं कापड त्या डोळे मिटून चाटत होत्या.

नरसय्यानं कापडाला खळ दिली होती. पिठाची चांगली दाट खळ, लुगड्याला देतात तशी. देऊ नको असं भागाक्कानं सांगितलं नव्हतं, कारण शिडाला कुणी खळ देईल हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं. देऊ का असं त्यानं विचारलं नव्हतं, कारण बिनखळीचं कापड हातावेगळं करणं त्याच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. ती कुरतडलेलं शीड खांद्यावर टाकून भर उन्हात चालत शहरात गेली आणि त्याच्या हातमागासमोर ते आपटलं.

"शेळ्यांनी खाल्लं माझं शीड."

नरसय्या म्हणाला, "अक्का, आमच्या मागावरनं बिनखळीचं कापड गेलं तर लोक काय म्हणतील?"

"लोकांचं ठावं न्हाय. शेळ्या लई चांगलं हाय म्हणाल्या."

त्यानं दुसरं कापड बिनखळीचं विणून दिलं, पण देताना तोंड फिरवलं आणि हे कुठल्या मागावरचं ते कुणाला सांगू नका म्हणून विनवलं. भागाक्कानं ते बाभळीच्या सालीच्या काढ्यात उकळून तपकिरी केलं. कुजू नये म्हणून असं करतात. ते शीड चढलं त्या दिवशी त्यानं पहिल्याच झटक्यात वारा पोटात घेतला, आणि मचवा पलीकडच्या काठाकडे निघाला. सुकाणूवर भागाक्का होती. तिचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला. कुणाशी तरी भांडून जिंकलेल्या बाईचा चेहरा होता तो.

आधी मचव्यात बसायला मी आणि बिरू, एवढेच. मग भाजीवाल्या बायका आल्या, कारण डोक्यावर पाटी घेऊन तलावाला वळसा घालणं म्हणजे काय हे त्यांच्या मानेला माहीत होतं. ही बाई आपल्याला बुडवणार असं पाटलाच्या पारावर रोज बोललं जायचं. भागाक्काच्या कानावर आलं की ती म्हणायची, "बुडवीन तवा त्यास्नी बोलावीन की बघायला."

मग पाणी खात्याचे एक साहेब आले. सरकारी पाण्यावर परवान्याशिवाय मचवा चालणार नाही, आणि बाईच्या नावानं परवाना देता येत नाही, सबब चालवणारा म्हणून नवऱ्याचं नाव सांगा, असं त्यांचं म्हणणं. खरं तर त्यांनी वाट काढून दिली होती. दुसरी कुणी असती तर डोक्यावरचा पदर सारखा करून हो म्हणाली असती.

सखाराम हात जोडून म्हणाला, "साहेब, मला पाण्यात ओकारी व्हती. मी चालवतो म्हणून सांगू, आन् कुणी बघाया आलं तर त्याच्या अंगावर वकू का?"

भागाक्का म्हणाली, "चालवते मी. नाव घालायचं तर माझं घाला. न्हायतर घालू नका. मचवा उद्या सुटणार."

तो सुटला. दोन दिवसांनी साहेब स्वतः थांबवायला आले तेव्हा मचवा भरलेला होता. "बाया खोळंबल्यात. पलीकडं जाता जाता बोलू," असं म्हणून तिनं त्यांना आत घेतलं. ऐन मध्यावर वारा पडला. शीड गप्प लोंबकळत राहिलं. साहेबांनी वल्हवायला सांगितलं. वल्ही नाहीत, ती म्हणाली. खरंच नव्हती. सखारामनं करून दिली होती, पण वल्ही घेतली की माणूस वाऱ्याची वाट बघत नाही म्हणून तिनं ती चुलीत घातली होती. उन्हात साहेबांचा कोट ओला झाला. एका भाजीवालीनं त्यांना वाळूक कापून दिलं, ते त्यांनी खाल्लं. मग त्यांनी न राहवून विचारलं, "कधी पोचणार आपण?" सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, "पोचल्यावर."

परवाना शेवटपर्यंत आला नाही. नको म्हणायलाही पुन्हा कुणी आलं नाही.

हे सगळं चाललं होतं तोवर भागाक्का जिंकत होती, आणि मला वाटायचं ती अशीच जिंकत राहणार. माझी बदली झाली. शाळेची किल्ली द्यायला आणि तिथली माझी ट्रंक आणायला मी शेवटचं पलीकडे निघाले होते. मचव्यात मी एकटीच बसले होते. तेवढ्यात टांग्यातून एक माणूस उतरला. भागाक्काच्याच हाडापेराचा, केस पिकलेले, हातात पिशवी. तिनं त्याला लांबूनच ओळखलं आणि "दादा" म्हणून उठून उभी राहिली. तो जनू तांडेल होता.

त्यानं तिची विचारपूस केली नाही. मचव्यापासून चार हात लांब थांबून तो म्हणाला, "भागी, खाली उतर."

"आदी पानी तर पी."

"उतर गो. मग पितो."

मग त्यानं उभ्या उभ्या सांगितलं. गेल्या हंगामात भर वाऱ्यात त्याच्या गलबताची डोलकाठी मोडली होती. माणसं वाचली होती. पण भागी तिकडे देशावर सुकाणू धरून बसते ही बातमी गिरणीतल्या कुणा कोकण्याकडून तोवर बंदरात पोचली होती, आणि लोकांनी दोन्हींची गाठ मारली. आता त्याच्या गलबतावर एकही खलाशी चढत नव्हता. बहीण खाली उतरली आणि पुन्हा पाय ठेवणार नाही असं नारळावर हात ठेवून बोलली, तरच ते येणार होते. नारळ त्यानं बंदरातून बरोबर आणला होता.

"न्हाय उतरले तर?"

"तर माझं गलबत वाळूत कुजंल. आणि तुला माहेर नाय. शिडाचं कापड पण यायचं नाय."

भागाक्का सुकाणूचा दांडा धरून उभी राहिली. मला वाटलं, ही आता उतरणार. साहेबाला उडवून लावणं वेगळं. माहेर तुटतंय म्हटल्यावर भल्या भल्या उतरतात. मी उतरले असते, आणि तिनं उतरावं असंही क्षणभर मला वाटलं, कारण त्या माणसाचा चेहरा बघवत नव्हता.

ती म्हणाली, "इतकी वर्सं माझ्या हातचं शीड तुझ्या डोलकाठीवर चाललं. तवा वारा रुसला न्हाय. हात चालतो आन् पाय चालत न्हाय, व्हय? डोलकाठी किडकी व्हती, दादा. गेल्या साली तूच कळवलं व्हतंस, यंदा बदलाया पायजे म्हणून."

जनू खाली बघत म्हणाला, "मला ठाऊक हाय. खलाशांना कोण सांगेल?"

"तू सांग. तांडेल हायस न्हवं?"

त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"बाईंना पलीकडं सोडायचंय," ती म्हणाली. "बस. जाऊन येऊ."

"मी नाय बसायचो."

"मग चालत ये. तितं बोलू."

तो खरंच काठाकाठानं चालायला लागला, आणि तिनं शीड चढवलं. मध्यावर आलो आणि उजाड माळावरून वाऱ्याचा जोरदार झोत आला. मचवा एका अंगावर कलला, माझ्या पायापर्यंत पाणी आलं. काठावरून जनू तांडेलाची आरोळी आली, "दामण सोड गो, दामण सोड." दामण म्हणजे शिडाचा खालचा दोर. तो आरोळी देण्याआधीच तिनं तो ढिला सोडला होता. मग "ओढ आता" म्हणून आरोळी आली, तेव्हा ती ओढत होती. त्यानंतर आरोळी आली नाही. मी बघितलं तर तो चालायचा थांबून, कपाळावर हात धरून मचव्याकडे बघत होता.

मी ट्रंक घेऊन शाळेतून परत आले तेव्हा दोघं भाऊबहीण काठावर बसली होती. त्याच्या पोटऱ्या काट्यांनी ओरबाडल्या होत्या. तिनं आणलेली भाकरी त्यानं खाल्ली होती. मग तो उठला, पाण्यात न उतरता वाकून मचव्यातल्या शिडाची कड हातात घेतली आणि शिवणीवरून अंगठा फिरवला.

"आयेचा टाका हाय," तो म्हणाला.

"तिचाच."

"बंदरात सांगेन. भागी उतरली नाय."

"आन् खलाशी?"

"नाय आले तर नाय आले. मी हाय, पोरगा हाय. लहान होडी घेऊ."

भागाक्कानं भाकरीचं फडकं झटकलं. मग म्हणाली, "बस आता. तिकडनं टांगा मिळंल ठेसनाला."

"बसणार नाय."

नारळ त्यानं पिशवीतच ठेवला आणि पिशवी दगडावर ठेवली. मी ट्रंक आत घेतली, भागाक्का सुकाणूवर गेली. मचव्याचं टोक चिखलात रुतलं होतं. जनू तांडेलानं धोतर वर खोचलं, गुडघाभर पाण्यात आला, टोकाला खांदा लावला आणि दात आवळून मचवा पाण्यात लोटला. मग पाण्याबाहेर जाऊन पिशवी उचलली आणि आलेल्या वाटेनं, काठाकाठानं चालायला लागला.

भागाक्कानं मागं वळून बघितलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिनं सुकाणूवरचा हात काढला नाही. मला राहवेना. मी म्हणाले, "एवढं सगळं बोलले, मग बसले का नाहीत?"

"न्हाय बसला ते बरं केलं," ती म्हणाली. "त्यानं काय केलं ते तुमाला न्हाय कळायचं, बाई. आमच्या बंदरात मचवा लोटायचं काम काठावर राहणाऱ्या बायांचं. तांडेल कदी लोटत न्हाय. तांडेल आत बसलेला असतो."